अठरावं ध्येय

भिंतीवर ध्येयं सतरा हवी होती. तोमोयने अठरा रंगवली.

काबुलान बेटावरची गावकचेरी म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि समुद्राकडे तोंड केलेली एक लांब भिंत. प्रांताच्या कचेरीतून पत्र आलं होतं, की सन दोन हजार तीसपर्यंत गाठायची म्हणून साऱ्या जगाने मिळून जी सतरा ध्येयं ठरवली आहेत, ती प्रत्येक गावाने आपल्या भाषेत, चित्रांसह, कचेरीच्या भिंतीवर रंगवावीत. सोमवारी सकाळी पाहणी होईल. रविवारी दुपारी भात आणि माशाचं आंबट सार जेवून गावचा कप्तान तेओदुल्फो भिंत बघायला आला. गावाने त्याला लागोपाठ तिसऱ्यांदा निवडून दिलं होतं, पण दुल्फो अशी हाक मारायचा हक्क मात्र सोडला नव्हता.

काम सुरेख झालं होतं. पहिल्या चौकोनात गरिबी संपली होती. दुसऱ्यात कुणीही उपाशी नव्हतं. सहाव्यात नळाला पाणी होतं. ते कप्तानाने जरा वेळ थांबून पाहिलं, कारण गावात ते अजून आलेलं नव्हतं. चौदाव्यात समुद्रातले जीव सुखात होते, त्यातला एक मासा तर चक्क हसत होता. एकेक चौकोन बघत कप्तान खालच्या ओळीच्या टोकाला आला आणि थबकला. तिथे गडद निळ्यावर एक पांढरीशुभ्र दाढ होती. दोन मुळं, वर काळी कीड, आणि भोवती संतांच्या डोक्यामागे असतात तसे सोनेरी किरण. खाली ठळक अक्षरं होती: "१८. दाढ काढून घेणे. यंदा तरी."

कप्तानाचा हात आपोआप डाव्या गालावर गेला.

"तोमोय, हे काय आहे?"

"दाढ," तोमोय म्हणाला. तो सावलीत बसून ब्रश धूत होता.

"दाढ आहे ते मला कळतं रे. ही इथे कशी आली?"

"कागदावर होती."

"अरे, जगातली सगळी राष्ट्रं एकत्र बसली, तिथं कुणी दाढेबद्दल बोलेल का?"

"ते मला काय माहीत? मी बैठकीला नव्हतो," तोमोयने खिशातून कागद काढून पुढे केला. "आकडा होता. आकडा घातलेलं सगळं मी रंगवतो. आणि खरं सांगू का कप्तान, सतरा म्हणजे रंगाऱ्याला ताप. सहाच्या तीन ओळी पाडल्या तर एक घर रिकामं राहतं. हे अठरावं आलं आणि भिंत कशी भरल्यासारखी झाली."

तोमोय होड्यांची नावं रंगवण्यात साऱ्या सामुद्रधुनीत प्रसिद्ध होता, आणि चिठ्ठीवरचं एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही याबद्दल जास्तच. कुणीतरी त्याला एकदा "सान्ता मोनिका, मोठ्या अक्षरांत" असं लिहून दिलं होतं. ती होडी अजून "सान्ता मोनिका मोठ्या अक्षरांत" याच नावाने मासेमारीला जाते.

कप्तानाने कागद पाहिला. पहिल्या सतरा ओळी कचेरीच्या सचिव फेलीच्या गोल, वळणदार अक्षरातल्या होत्या. अठरावी ओळ त्याच्या बायकोच्या हातची होती.

त्याचं असं झालं होतं. शुक्रवारी फेलीने यादी लिहून दिली, आणि कप्तानाने ती घरी नेऊन जेवताना टेबलावर सॉसच्या बाटलीखाली ठेवली. त्याची बायको रेमेदियोस, म्हणजे मेदिंग, गेली सहा वर्षं त्याला दाढ काढून ये म्हणून सांगत होती. सहा वर्षं बोलून झालं, आता लिहून पाहावं, असं तिला त्या दिवशी वाटलं. समोर कागद होता, त्यावर करायच्या कामांची यादी होती, आणि मेदिंग ही अर्धवट कामाचा तिटकारा असलेली बाई असल्यामुळे तिने पुढचा आकडा घालून आपलं काम त्यात लिहून ठेवलं. कप्तानाने शनिवारी यादी न वाचताच घडी करून तोमोयला दिली. एवढंच.

"अगं, तू हे काय करून ठेवलंस?" घरी जाऊन कप्तान ओरडला.

मेदिंग सुके मासे उलटवत होती. "वाचलंस म्हणजे शेवटी," ती म्हणाली.

"मी नाही, सगळ्या गावाने वाचलं! भिंतीवर रंगवलंय त्या शहाण्याने!"

मेदिंगने क्षणभर विचार केला. "मग आता तरी जाशील," ती म्हणाली.

दुल्फो भित्रा नव्हता, हे इथे सांगायला हवं. मागच्या वादळात लोकांची छपरं उडत असताना त्याने दोरी कमरेला बांधून अकरा माणसं शाळेत नेऊन पोचवली होती. पण तो आठ वर्षांचा असताना जत्रेत आलेल्या एका न्हाव्याने त्याच्या थोरल्या भावाचा दात पकडीने उपटला होता, आणि त्या किंकाळीने संतांची मिरवणूक मध्येच थांबली होती. पालखीचे भोई दचकून एकमेकांकडे बघायला लागले ते दुल्फोच्या अजून डोळ्यांसमोर होतं. वादळ बाहेरून येतं, त्याला तोंड देता येतं. पकड तोंडातच येते.

संध्याकाळपर्यंत दाढ झाकायचे सगळे उपाय करून झाले. रंग होडीचा होता. खाऱ्या पाण्यात दहा वर्षं टिकतो म्हणून तोमोयने तोच वापरला होता, तेव्हा तो खरवडून निघेना. उरलेला रंग फक्त लाल होता, आणि लालाने झाकायला गेलं तर दाढ जास्तच भयंकर दिसेल असं खुद्द तोमोयचं मत पडलं. शेवटी फेलीने घरून एक मोठा छापील फलक आणला. तिची पुतणी नर्सिंगची परीक्षा पास झाली तेव्हा तिचं अभिनंदन करण्यासाठी तो केलेला होता. पुतणीचा हसरा चेहरा दाढेवर बरोबर बसला. चारही कोपऱ्यांना खिळे ठोकले आणि कप्तान निर्धास्त झोपला.

पहाटे वारा सुटला. फेली कचेरीत पोचली तेव्हा तिची पुतणी तशीच हसतमुखाने लाटांवरून मोठ्या बेटाच्या दिशेने निघाली होती.

पाहणीची होडी धक्क्याला लागली तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून कप्तान स्वतःच अठराव्या चौकोनासमोर जाऊन उभा राहिला. प्रांताच्या कचेरीतल्या व्हिलाकोर्ता बाई उन्हाची टोपी घालून, दोन मदतनिसांना घेऊन आल्या. आठवडाभर त्या बेटं पालथी घालत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, जगाचं भलं व्हायला जरा वेळ लागेल असं दिसतंय, असा भाव होता.

"कप्तान, खारफुटीची लागवड दाखवता ना?"

"फेली दाखवेल, मॅडम. मी इथे बरा आहे."

"शाळेतले संडास?"

"तेही फेलीच दाखवेल."

तासाभराने बाई परत आल्या तेव्हा कप्तान तिथेच होता. पाठ भिंतीला, पाय रोवलेले. ऊन सरकून तोंडावर आलं होतं.

"आता भिंतीचा एक फोटो घेऊ. जरा बाजूला व्हा."

"मी असू दे की फोटोत."

"तुम्ही या इकडे, पहिल्या चौकोनापाशी. गरिबीजवळ."

गावातली पन्नासेक माणसं गंमत बघायला जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "अहो कप्तान, सरका ना, मॅडमना दाढ बघू दे!" आणि हशा पिकला. कप्तान सरकला. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं.

व्हिलाकोर्ता बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी बोटाने पहिल्यापासून मोजलं, मग उलट बाजूने मोजलं.

"अठरा?"

"हो मॅडम."

"ध्येयं सतरा आहेत."

"जगाची सतरा," कप्तान म्हणाला. पुढचं वाक्य कुठून आलं हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. "हे अठरावं आमचं आम्ही घातलं. आमच्या बेटावर दातांचा डॉक्टर येऊन अकरा वर्षं झाली. दात दुखला की माणूस जेवत नाही, जेवला नाही की समुद्रावर जात नाही, आणि समुद्रावर गेला नाही की... की मग ते पहिलंच ध्येय राहतं."

गावकऱ्यांनाही यात तथ्य आहे असं वाटलं. बाईंनी टोपी काढली.

"कप्तान, मी या आठवड्यात नऊ गावं पाहिली," त्या म्हणाल्या. "सगळीकडे आम्ही पाठवलेलंच उतरवलेलं. एका गावाने तर पत्रातला आमचा फोन नंबरसुद्धा रंगवला होता. स्वतःच्या डोक्याने विचार केलेलं हे पहिलं गाव. आणि पुन्हा मुदत! 'यंदा तरी.' जगाने इतक्या जवळची मुदत घालायचं धाडस केलं नाही. ही कल्पना कुणाची?"

पन्नास माना मेदिंगकडे वळल्या.

"बायकांच्या गटाची," मेदिंग म्हणाली. बेटावर असा कुठलाच गट नव्हता. पण आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी ताबडतोब माना डोलावल्या, आणि त्या क्षणापासून तो झाला.

बाई गेल्यावर कप्तानाला वाटलं, सुटलो. तीन आठवडे तो तसाच सुटलेला होता. मग पत्र आलं. काबुलानच्या प्रेरणादायी उपक्रमाची दखल घेऊन प्रांताचं एक दंतपथक, दोन खुर्च्या आणि सर्व साहित्यासह, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला येत आहे. गावाने घरोघरी जाऊन किडलेल्या दातांची पाहणी करून ठेवावी. आणि गावकऱ्यांची भीड चेपावी म्हणून उपक्रमाचे जनक कप्तान तेओदुल्फो सर्वप्रथम खुर्चीत बसतील.

"जनक म्हणजे?" कप्तानाने विचारलं.

"बाप," फेलीने सांगितलं.

पाहणीचं काम फेलीने विजेरी घेऊन आठ दिवसांत उरकलं. सुरुवातीला लोक तोंड उघडेनात. एकाने उघडलं की मग शेजारचा माझी कीड त्याच्याहून मोठी आहे म्हणून पुढे येई. म्हाताऱ्या इस्कोचे तीनच दात उरले होते. "तिन्ही उत्तम आहेत," त्याने अभिमानाने सांगितलं, "म्हणून तर उरले." पण बासियोन म्हातारीने तोंड उघडल्यावर फेलीची विजेरी बराच वेळ हलली नाही. चार वर्षं ती एकाच बाजूने चावत होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून भाताची पेजच पीत होती. "सांगायचं कुणाला गं?" ती म्हणाली. "मोठ्या बेटावर जायला दिवस मोडतो, आणि तिथे गेल्यावर उद्या या म्हणतात." एकंदर दोनशे चौदा तोंडांपैकी एकशे त्रेसष्ट तोंडांत काही ना काही निघालं. फेलीने यादी कप्तानापुढे ठेवली. सगळ्यात वर त्याचं नाव होतं.

कप्तानाने यादी वाचली आणि त्या दिवसापासून त्याची दाढ दुखायची थांबली, असं तो सगळ्यांना सांगू लागला. पेरूची पानं उकळून चूळ भरल्याने कीड आपोआप मरते, हे त्याने तीन माणसांना ऐकवलं. ती आपोआप पडलीच तर बरं म्हणून त्याने सुकवलेले चिवट माकूल मासे चावायला सुरुवात केली. एक चांगला दात हलायला लागला. दाढ जागची हलली नाही.

"तू घाबरलायस," मेदिंग म्हणाली.

"मी? मी कशाला घाबरू?"

"मग झोपेत 'पकड, पकड' कशाला ओरडतोस?"

"मासा पकड म्हणत असेन."

बारा तारखेला पहाटे मेदिंग उठली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं आणि किनाऱ्यावर त्यांची होडीही नव्हती. कप्तानाने मनाशी नीट हिशेब केला होता. दंतपथक आठला येणार, चारला जाणार. मासे मिळोत न मिळोत, साडेचारपर्यंत आत यायचं नाही. गावाला सांगायचं, की इंजिन बिघडलं. कप्तान पहिला बसला नाही म्हणून लोक अडून राहणार नाहीत. दुसरा कुणीतरी बसेल, मग तिसरा. त्याने गळ टाकला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला थोडं बरं वाटलं.

नऊच्या सुमाराला वारा वाढला. टोपी वर करून त्याने पाहिलं तर लांब, प्रवाळाच्या खडकांच्या बाजूला, एक मोठी मोटरहोडी आडवी वाहत चालली होती. तिच्यावर कुणीतरी पांढरं कापड हलवत होतं. इंजिनाचा आवाज नव्हता. त्या बाजूला ओहोटीला काय होतं हे दुल्फोला सांगायची गरज नव्हती. अर्ध्या तासात होडी खडकावर गेली असती. त्याने गळ तोडूनच टाकला आणि इंजिन सुरू केलं. जवळ पोचल्यावर त्याला आधी टोपी ओळखू आली, उन्हाची. मग पांढरं कापड ओळखू आलं. तो डॉक्टरांचा डगला होता. आणि मग दोन मोठ्या, मागे रेलणाऱ्या खुर्च्या दिसल्या, दोरांनी करकचून बांधलेल्या.

दुल्फोने इंजिन बंद केलं. खरं सांगायचं तर अगदी थोडा वेळ, म्हणजे एक लाट येऊन जाईपर्यंत, तो नुसता बघत राहिला.

"कप्तान!" व्हिलाकोर्ता बाई ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "देवासारखे आलात हो! आपणहून न्यायला आलात!"

"दोर टाका," कप्तान म्हणाला.

सव्वा तास लागला. वारा उलटा, होडी जड, आणि खुर्च्या तर लोखंडाच्या. दोर दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा कप्तानानेच पाण्यात उतरून तो पुन्हा बांधला. धक्क्यावर सारं गाव उभं होतं. आपला कप्तान दातांच्या डॉक्टरांना खेचून आणतोय हे पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेदिंगने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने होडीतला जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली पाहिली, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कोरडा टॉवेल पुढे केला.

"इंजिन बिघडलं होतं का?" तिने हळूच विचारलं.

"त्यांचं," कप्तान म्हणाला.

खुर्च्या बास्केटबॉलच्या मैदानावर मांडल्या गेल्या. गावातली लग्नं, मतदान आणि मयताच्या नवव्या दिवशीचं जेवण, सगळं तिथेच व्हायचं. एकशे बासष्ट माणसं रांगेत होती आणि उरलेली बघायला. पहिल्या खुर्चीत दुल्फो बसला. कपडे अजून ओले होते. डॉक्टर झेनायदा ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई होती. समुद्र लागून तिचा रंग हिरवट झाला होता, पण हात स्थिर होते.

"किती दिवस दुखतेय?"

"दुखत नाही."

"मग बसलात कशाला?"

"भिंतीवर लिहिलंय म्हणून."

"आ करा."

कप्तानाने डोळे मिटण्यापूर्वी एकदा रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याकडेच बघत होती. एकशे बासष्ट माणसांनी श्वास रोखून धरला होता, आणि प्रत्येकाचं एक पाऊल घराच्या दिशेला वळलेलं होतं. सगळ्यांत पुढे बासियोन म्हातारी, नातीचा हात घट्ट धरून. आपण आता तोंडातून एक आवाज काढला, तर ही माणसं चेंडूसारखी उधळतील आणि म्हातारी आणखी चार वर्षं पेज पीत बसेल, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. वादळातही अकरा माणसं होती. ही एकशे बासष्ट.

सुई टोचली तेव्हा त्याच्या पायांचे अंगठे वर झाले. मग गाल कुणा दुसऱ्याचा झाला. डॉक्टर म्हणाल्या, थांबा दहा मिनिटं. ती दहा मिनिटं कशी गेली ते देव जाणे. मग काहीतरी चमकलं, तोंडात कुरकुर झाली, जुन्या होडीची फळी काढताना होते तशी. दुल्फोने खुर्चीचा हात इतका आवळला की त्याचा एक स्क्रू निघाला. तो वाट बघत राहिला. किंकाळीची वेळ येईल तेव्हा काय करायचं, हे तो अजून ठरवत होता.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"काय झालं?"

"दाढ काढली." ट्रेमध्ये ती होती. भिंतीवरच्यापेक्षा बरीच लहान आणि किरणांशिवाय.

कप्तान उठून बसला. त्याने दाढेकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्याच्या सुजल्या तोंडावर हळूहळू असा काही आनंद पसरला की तो सावरता सावरेना. "काही नाई!" तो ओरडला. अर्धा ओठ बधिर होता. "अले, काईच नाई! डॉक्तल, दुसली पन काढा!"

"दुसरी चांगली आहे."

"असू दे, काढा!"

त्याला उठवायला दोन माणसं लागली. पण रांग पुढे सरकली होती. बासियोन म्हातारी नातीचा हात सोडून स्वतः खुर्चीत चढली. दिवसभर कप्तान गालात कापूस धरून मैदानावर फिरत होता; घाबरलेल्याला धीर देत होता, न घाबरलेल्यालाही देत होता, आणि पळून निघालेल्या दोघा तगड्या कोळ्यांना त्याने बखोटीला धरून आणलं. माणसाने इतकं भ्यावं कशाला, हेच आपल्याला कळत नाही, असं तो बोलूही लागला.

चारच्या सुमाराला फेलीने शेवटचं नाव पुकारलं. "रेमेदियोस!"

कुणी पुढे आलं नाही.

"मेदिंग? तिचं नाव यादीत आहे?" कप्तानाने विचारलं.

"पाहणीच्या वेळी उघडलं नाही तोंड," फेली म्हणाली. "आज सकाळी मीच घातलं. तुम्हाला टॉवेल देताना जांभई आली त्यांना, तेव्हा दिसलं."

मेदिंग घरी नव्हती. विहिरीवर नव्हती, बहिणीकडे नव्हती. शेवटी ती सापडली चॅपलमध्ये, वेदीच्या मागे, मेणबत्त्यांचं मेण सुरीने खरवडत. कधी नव्हे ते.

"चल," कप्तान म्हणाला.

"मला काही झालेलं नाही."

"आ कल बघू."

"देवासमोर?"

"देवाला म्हाईत आहे."

तिने तोंड उघडलं नाही. सुरी खाली ठेवली, मेणाचे तुकडे एका बाजूला गोळा केले. "मी लिहिलं होतं ते तुझ्या दाढेबद्दल," ती म्हणाली.

"भिंतीवल कुनाचं नाव नाई," कप्तान म्हणाला.

ती खाली बसली. तोही तिथेच, वेदीच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसला. बाहेर डॉक्टर हत्यारं गोळा करायला लागल्याचा खणखणाट ऐकू येत होता. "किती वल्षं?" त्याने विचारलं. मेदिंगने सात बोटं दाखवली. सात म्हणजे त्याच्याहून एक जास्त. मग तिने दोन बोटं दाखवली, ती दाढांची. सहा वर्षं ही बाई रोज सकाळी दुसऱ्याची दाढ काढायला का निघत होती, ते दुल्फोला एकदम समजलं आणि हसू आलं. पण हसताना जखम ओढली जात होती. त्याने तिचा मेणाने चिकट झालेला हात धरला आणि दोघं मैदानाकडे चालू लागली.

मेदिंगची किंकाळी मोठ्या बेटापर्यंत गेली म्हणतात. सुई अजून लागायची होती. पण रांग संपलेली होती, त्यामुळे पळून जायला कुणी शिल्लक नव्हतं. कप्तानाने हात सोडला नाही. त्याच्या तीन बोटांवर पुढे आठवडाभर वळ होते.

वर्षाच्या शेवटी तालुक्याच्या कचेरीतून छापील तक्ता आला: प्रत्येक ध्येयासमोर प्रगती लिहून पाठवावी. फेलीने प्रामाणिकपणे लिहिलं. गरिबी: काम चालू आहे. भूक: काम चालू आहे. पिण्याचं पाणी: काम चालू आहे, पाइप आले आहेत, पाणी यायचं आहे. अशा सतरा ओळी झाल्या. मग तिने पट्टीने खाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं: १८. दाढ काढून घेणे. पूर्ण. मुदतीत.

पंधरा दिवसांनी तक्ता परत आला. अठराव्या ओळीवर लाल शाईने काट मारली होती आणि समासात शेरा होता: "अठरावे अस्तित्वात नाही. सुधारून पाठवावे."

फेली चिडली. "एवढं एकच तर पूर्ण झालं होतं! प्रांताला फोन लावा कप्तान, व्हिलाकोर्ता मॅडमना सांगा."

कप्तानाने शेरा दोनदा वाचला. त्याने डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेवरून सावकाश जीभ फिरवली.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "आता नाही."